गॅरेजच्या पोरांना मोबाइलवर इंजेक्शनची गाडी शिकवायची आहे. नेट नाही, वेळ नाही, काय बसवावं?

दारव्हा_वर्कशॉप

राजेहो, एक सल्ला पाहिजे. दुचाकीची तीन वर्कशॉपं आहेत. एक दारव्ह्याला, दोन आजूबाजूच्या बाजाराच्या गावांत. तिन्ही मिळून १४ माणसं. चौघं आयटीआय झालेले, बाकी सगळे हाताखाली शिकून मिस्त्री झालेले. दोघांना वाचायला जड जातं. कार्बोरेटरच्या गाडीत यांचा हात कोणी धरत नाही, नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की कॅम खाल्ला आहे ते सांगतात. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (धुराचे कडक नियम) लागू झालं, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आलं, आणि आता त्या गाड्या वॉरंटीबाहेर निघून आपल्याकडं येऊन राहिल्या. चेक लाइट लागलेला दिसला की आमच्याकडचं निदान ठरलेलं: "ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) गेला."

ज्या कंपनीची सब-डीलरशिप आहे तिचं ट्रेनिंग ॲप आहे. एकेक मॉड्यूल ४० मिनिटांचं, हिंदी-इंग्रजी मिसळलेलं, शेवटी २० प्रश्न. प्रश्न दर वेळी तेच आणि त्याच क्रमानं. एकानं सोडवलं की बाकीच्यांच्या व्हॉट्सॲपवर उत्तरं हजर. सगळ्यांना ९० टक्क्यांच्या वर. गाड्या मात्र परत येतातच.

एका गावात नेट फक्त गच्चीवर चालतं. लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते. ४० मिनिटं सलग कोणाला मोकळीक नसते. तर विचारायचं असं की स्वतःचे धडे तयार करावेत का, केले तर केवढे आणि कोणत्या विषयाचे? नेटशिवाय ते चालवायचे कसे? मोबाइलवरून शिकवूच नये असं काय आहे? आणि शेवटी पोरांच्या हातात एखादं कामाचं सर्टिफिकेट पडेल का?

निदेशक_मोटर_मेकॅनिक

धडे स्वतःचेच करा, पण अभ्यासक्रम समोर ठेवून नाही. जॉब कार्डं समोर ठेवून करा. मागच्या तीन महिन्यांची कार्डं काढा, १५ दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी परत आलेल्या गाड्या वेगळ्या करा आणि तक्रारीप्रमाणे ढीग लावा. तीन वर्कशॉपांची कार्डं असली तरी ढीग आठ-दहाच्या पुढं सहसा जात नाहीत. तेवढेच तुमचे पहिले आठ-दहा विषय. "फ्युएल इंजेक्शन प्रणालीची ओळख" असा धडा अजिबात करू नका; ओळख कोणाला नको आहे, गाडी चालू करून पाहिजे आहे.

एक विषय म्हणजे एक व्हिडिओ, असंही समजू नका. "सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही" ही तक्रार घ्या. त्यात तपासणीच्या पाच-सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचा तीन मिनिटांचा वेगळा तुकडा झाला पाहिजे. क्रम असा ठेवा.

आधी बॅटरी. गाडी उभी असताना १२.४ व्होल्टच्या वर, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. इथंच निम्म्या गाड्यांचा निकाल लागतो, कारण कार्बोरेटरची गाडी उतरलेल्या बॅटरीवर किक मारून चालायची. इंजेक्शनच्या गाडीत पंप, इंजेक्टर आणि ईसीएम तिघंही त्याच बॅटरीवर जगतात. मग फ्यूज, किल स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि गाडी पडली की पंप बंद करणारा सेन्सर. मग चावी लावल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन सेकंदांचा गुंई असा आवाज. आवाज आहे पण दाब नाही, असंही होतं; म्हणून गेज लावून दाब बघणं हा वेगळा तुकडा. बऱ्याच दुचाकींत तो ३ बारच्या आसपास असतो, मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. मग प्लगला स्पार्क, मग इंजेक्टरला पल्स. इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण ११ ते १४ ओहम. हे सगळं झाल्यावर सेन्सर आणि सर्वांत शेवटी ईसीएम.

या क्रमात एक धोक्याचा तुकडा जरूर घाला: जुना बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या वायरला लावायचा नाही. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा त्या लाइनीतून जाण्यासाठी ती बनलेलीच नसते. चांगला ईसीएम अशानंच जळतो आणि मग निदान खरं ठरतं.

सेन्सरमध्ये तुमच्या भागातली एक खास भानगड आहे. इंजिनचा टेंपरेचर सेन्सर थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी रेझिस्टन्स दाखवतो. मॅन्युअलमध्ये २० किंवा २५ अंशांचा आकडा असतो, म्हणजे समजा दोन-अडीच हजार ओहम. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ४४ अंशांत हाच सेन्सर हजार-बाराशे दाखवेल. पोरगं पुस्तकातला आकडा बघून चांगला सेन्सर फेकून देईल. पुण्यात किंवा गुडगावला एसीच्या खोलीत तयार झालेल्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. तुमच्या धड्यात तापमानाप्रमाणे तीन आकडे द्या: सकाळचा, दुपारचा आणि इंजिन तापल्यावरचा. शेवटचा बहुधा दोन-तीनशेवर येतो.

थ्रॉटलच्या सेन्सरला पाच व्होल्टची लाइन येते. मूठ सोडलेली असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.८ आणि पूर्ण ओढल्यावर चारच्या वर. इथं आकड्यापेक्षा तो कसा चढतो ते दाखवायचं. सरळ चढला पाहिजे. मध्येच पडून पुन्हा उठला की सेन्सर खराब. हे पुस्तकातून समजत नाही, व्हिडिओतून एका मिनिटात समजतं. ई-लर्निंगची खरी जागा ही आहे.

भाषेचं. पोरं जे म्हणतात तेच बोला: १० नंबरचा गोटी पाना, वायरी जोडायचा कपलर, ओटू सेन्सर. "प्राणवायू संवेदक" म्हणालात तर ते पुढचं ऐकणार नाहीत. पण स्कॅनरवर आणि पार्टच्या बिलावर जे नाव येतं तेही चित्रावर लिहा, कारण पार्ट मागवायचा तर तेच नाव लागतं. आवाज तुमच्याच मोठ्या मिस्त्रीचा घ्या. दोघांना वाचायला जड जातं म्हणता, त्यांच्यासाठी तर आवाजच सर्व काही.

शूटिंग साधं. चेहरा नको, हात दिसू द्या. मल्टिमीटरचा नॉब कोणत्या खुणेवर आहे ते आधी जवळून दाखवा, लाल-काळी वायर कुठं टेकवली ते दाखवा, मग आकडा. मागं गाणं लावू नका.

पानाखोका

निदेशक साहेब बराबर सांगून राहिले, पण मिस्त्रीच्या बाजूनं कोणी बोललं नाई. पोट्टे व्हिडिओ काऊन पाहत नाईत, हे आधी समजून घ्या भाऊ. तुमच्याकडं पगार महिन्यावर हाय का गाडीमागं? गाडीमागं असल तर तीन मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे त्याच्या खिशातून तीन मिनिटं गेले. शिकायचा वेळ कामात धरा, जॉब कार्डावर लिहा, पैसे द्या. हे न करता कितीबी भारी ॲप आणा, उत्तरं व्हॉट्सॲपवरच फिरतीन.

वेळ सकाळी शटर उघडल्यावर पहिला अर्धा तास. बाजाराच्या दिवशी नाई. दसरा-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नाई, सोयाबीन निघाल्यावर लोकाच्या हातात पैसा येते अन् सगळ्या गाड्या एकदमच येते. पेरणीच्या टायमालेबी नाई. जुलैचा शेवट ते पोळा आणि मंग जानेवारी-फेब्रुवारी, हा मोकळा काळ. वर्षाचे धडे त्याच्यातच बसवा.

आता मोबाइलवरून काय शिकवू नये ते. हात शिकवता येत नाई. ऑइलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधी (इंजिनच्या खालच्या खोक्यात) बसते. पोट्टा लांब टॉमी लावून जोर मारते, आटे जाते, अन् मंग पुरा केस. व्हिडिओत "२५ न्यूटन मीटर" म्हनलं तर त्याले काय कळते? भंगारातला एक केस आणा, टॉर्क पाना आणा, त्याच्याकडून आधी अंदाजानं आवळून घ्या, मंग टॉर्क पान्यानं तपासा. बहुतेकाचा अंदाज दुपटीच्या आसपास निघते. सहा नंबर आट्याच्या बोल्टले १० न्यूटन मीटर पुरते, तिथं तर लोक मनगट मोडेपर्यंत आवळते. दहा-दहा वेळा करून घेतलं का हातात बसते. हे व्हिडिओनं व्हनार नाई म्हंजे नाई.

परीक्षाबी मोबाइलवर संपवू नका. एक चालू गाडी घ्या, तिच्यात मुद्दाम खोट करा अन् पोट्ट्याले २० मिनिटं द्या. खोटी कोणत्या? फ्यूज काढून जळका टाका. थ्रॉटल सेन्सरचा कपलर अर्धा ओढून ठेवा, दिसाले लागलेला अन् आतून सुटलेला. कपलरमधली एक पिन मागं सरकवा. टेंपरेचर सेन्सरच्या वायरीत १० हजार ओहमचा रेझिस्टर घाला, ईसीएमले वाटते इंजिन लय थंड हाय, पेट्रोल जास्त टाकते, प्लग काळा व्हते. उतरलेली बॅटरी लावा. अन् एकदा काहीच खोट करू नका, फक्त किल स्विच बंद ठेवा. याच्यात मोठमोठे मिस्त्री हुकते.

मार्क खोट सापडली याचे देऊ नका, क्रमानं शोधली याचे द्या. अंदाजानं सापडली तर ते नशीब.

वायफाय_मिस्त्री

नेटशिवायचं मी सांगतो. आधी साइझचा हिशोब. फोननं फुल एचडीत तीन मिनिटांचं शूटिंग साधारण साडेतीनशे-चारशे एमबीचं होतं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ४८०पी, व्हिडिओ ५०० केबीपीएस, आवाज मोनो ६४ केबीपीएस असं ठेवा. फाइल १२-१३ एमबीवर येते. पण मग मीटरचा आकडा पुसट होतो. म्हणून शूटिंग करतानाच मीटरचा डिस्प्ले पडद्याचा तिसरा हिस्सा भरेल इतका जवळ घ्या. नंतर झूम करून उपयोग नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. व्हिडिओ आणखी दाबला जातो, चार दिवसांत "शुभ सकाळ"च्या खाली गाडला जातो, फोन भरला की पोरगं पहिले हेच डिलीट करतं, आणि कोणी पाहिलं कोणी नाही याचा पत्ता लागत नाही.

कोलिब्री म्हणून एक मोफत प्रणाली आहे, बिननेटच्या शाळांसाठीच बनलेली. प्रत्येक वर्कशॉपात एक जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय' म्हणतो), आणि एक साधा वायफाय राउटर. राउटरला नेट लागत नाही, तो फक्त फोन आणि सर्व्हर, म्हणजे तो लॅपटॉप किंवा पाय, जोडतो. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की धडे उघडतात. पासवर्डशिवाय नुसत्या नावानं आत जाण्याची सोय चालू करता येते. एकाच फोनवर तिघं शिकत असले तरी प्रत्येकाची नोंद वेगळी राहते. नवे धडे दारव्ह्याला, जिथं नेट आहे तिथं, आधी उतरवून घ्या, मग पेनड्राइव्हवरून बाकीच्या दोन ठिकाणी चढवा. कोणीतरी आठवड्यातून एकदा पार्ट घेऊन जातच असेल, त्याच्याच पिशवीत.

कंपनीसारखी पूर्ण हजेरी-गुणांची व्यवस्था हवी असेल तर मूडल नावाचं सॉफ्टवेअर. त्याच्या ॲपमध्ये धडा उतरवून ठेवता येतो आणि प्रश्नमंजुषाही नेटशिवाय सोडवता येते, पण त्यासाठी प्रत्येक मंजुषेच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन सोडवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती मुळात बंद असते आणि मग लोक म्हणतात मूडल चालत नाही. १४ माणसांसाठी मात्र मूडल म्हणजे शेळी राखायला हत्ती.

विजेचं. पाय सरासरी ५ वॅट, राउटर ६ वॅट, मिळून ११. १२ व्होल्ट ७ एएचच्या चांगल्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ४२ वापरायचे. साडेतीन तास निघतात. राउटर बहुधा १२ व्होल्टवरच चालतो, पायला ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा चांगला कन्व्हर्टर लावा. स्वस्त मोबाइल चार्जरवर पाय चालवला की व्होल्टेज पडतं आणि तो मध्येच बंद होतो. लाइन गेल्यावर झटक्यात बंद झालेल्या पायचं मेमरी कार्ड खराब होतं, हा सर्वांत जास्त येणारा बिघाड आहे. कार्डाऐवजी यूएसबीवर छोटी एसएसडी लावा आणि तिची एक प्रत घरी ठेवा.

जागा बघून बसवा. पायचं तापमान ८० अंशांवर गेलं की तो स्वतःच हळू चालायला लागतो, आणि टिनाच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये ते सहज होतं. हीटसिंक लावा. इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका, कंप्रेसरच्या हवेच्या तोंडाशीही नको. धूळ आणि ऑइलचा फवारा आत जातो.

आणखी एक सोय: क्यूआर कोड. पार्ट धुण्याच्या ट्रेवर, टूल बोर्डवर, पंपाच्या गेजच्या डब्यावर त्या-त्या धड्याचा कोड चिकटवा. पोरगं गेज काढतानाच स्कॅन करतं, धडा समोर. यात दोन खड्डे आहेत. राउटर बंद-चालू झाला की सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो आणि सगळे कोड मरतात. म्हणून राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा पत्ता नेमून द्या, मगच कोड छापा. दुसरं, वायफायला नेट नाही हे पाहून अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि धडा उघडत नाही. पहिल्यांदा जोडताना "नेट नसलं तरी जोडलेलं ठेवायचं का" असं तो विचारतो, तिथं होय म्हणायचं आणि पुन्हा विचारू नको ही खूण करायची. हे प्रत्येक फोनवर हातानं करून द्या, सांगून होत नाही. कोडवर पारदर्शक टेप लावा, नाहीतर ग्रीसच्या हातांनी आठ दिवसांत काळा पडतो.

दारव्हा_वर्कशॉप

लय कामाचं सांगितलं सगळ्यांनी. पानाखोका भाऊ, दारव्ह्याला महिन्यावर पगार आहे पण बाकी दोन ठिकाणी गाडीमागंच. तिथं अर्ध्या तासाचा भाव लावतो.

दोन शंका. एक, प्रश्न फुटतात त्याचं काय? दोन, इलेक्ट्रिक स्कूटी यायला लागल्या. एकानं परवा बॅटरीचा खोका उघडायला घेतला होता, कसाबसा थांबवला. हे मोबाइलवरून शिकवावं का?

निदेशक_मोटर_मेकॅनिक

प्रश्न फुटतात कारण ते पाठांतराचे असतात. "ओटू सेन्सरचं पूर्ण नाव काय" याचं उत्तर फॉरवर्ड करता येतं. मीटरचा फोटो द्या, आकडा दिसू द्या आणि विचारा: आता पुढं काय तपासाल? प्रश्नपेढीत साठेक प्रश्न ठेवा आणि प्रत्येकाला त्यातले कोणतेही दहा, उलटसुलट क्रमानं येऊ द्या. पर्यायांचाही क्रम बदलू द्या, नाहीतर "१-ब, २-क" फिरेल. प्रत्येक प्रश्न आवाजात रेकॉर्ड करा. पहिला प्रयत्न चुकला तर लगेच बरोबर उत्तर दाखवू नका, त्या धड्याच्या त्या मिनिटावर परत पाठवा.

आणि एकदा घेऊन सोडू नका. तेच मुद्दे आठवड्यानं पाच प्रश्नांत, महिन्यानं आणखी पाच प्रश्नांत. विसरण्याचा उतार पहिल्या काही दिवसांतच सर्वांत तीव्र असतो, हे एबिंगहाउसनं १८८५ मध्येच मोजून ठेवलं आहे. कंपनीच्या ॲपला ते अजून कळलेलं नाही.

कंपनीचं ॲप सोडू मात्र नका. डीलरच्या श्रेणीत आणि वॉरंटीच्या कामात त्याची नोंद बघितली जाते. ते त्या हिशेबानं पूर्ण करून टाका, शिकण्याचा भार तुमच्या धड्यांवर ठेवा.

फायदा झाला की नाही हे गुणांवरून ठरवू नका. वर काढलेले ढीग तीन महिन्यांनी पुन्हा काढा. परत येणाऱ्या गाड्या, मागवलेले ईसीएम आणि "खराब नाही" म्हणून परत आलेले पार्ट, हे तीन आकडे पुरे. पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच करा. वॉशिंगच्या प्रेशरनं आणि पावसानं कपलरात पाणी जाऊन हिरवा गंज चढतो, ती तक्रार उन्हाळ्यात आपोआप कमी होते आणि श्रेय धड्याला जातं.

जाता जाता दोन विषय सुचवतो, कारण ते तुमच्या ढिगात नक्की असतील. घरात धान्याची पोती आणि शेजारी गाडी, म्हणजे उंदरांनी कुरतडलेली वायरिंग. यात इन्सुलेशन गेलेलं दिसतं पण तार आतून अर्धी तुटलेली असते. हलवून बघताना मीटर लावलेलंच ठेवायचं. आणि किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल. इथेनॉलचं पेट्रोल पाणी शोषतं, जास्त झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. पारदर्शक बाटलीत थोडं काढून दहा मिनिटं ठेवलं की दोन थर दिसतात. व्हिडिओसाठी याच्याइतका सोपा विषय नाही.

मूर्तिजापूर_बॅटरी

इलेक्ट्रिकचं वेगळं सांगतो, कारण इथं चूक झाली तर गाडी परत येत नाही, माणूस दवाखान्यात जातो.

डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वरचं धोक्याचं धरतात. स्कूटीवर ७२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी पूर्ण चार्ज झालेला लिथियम पॅक ८४ च्या आसपास असतो. पण झटक्यापेक्षा मोठा धोका शॉर्टचा. पाना किंवा हातातलं कडं दोन टर्मिनलवर पडलं की ते वितळून चिकटतं. म्हणून पहिला धडा हत्यारांचा नाही, अंगावरच्या वस्तूंचा: अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून डब्यात. पान्याला इन्सुलेशन. एमसीबी (बॅटरीचा मेन स्विच) खाली. मग मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं आणि मीटरनं शून्याजवळ आल्याची खात्री करायची. घड्याळावर भरवसा नको, मीटरवर ठेवा. हा क्रम मोबाइलवर चित्रांच्या खेळासारखा छान शिकवता येतो: चित्रावर बोट ठेवून पुढची कृती निवडायची, चुकीची निवडली की ठिणगी. खोटी ठिणगी शंभर वेळा पडू द्या.

मोबाइलवरून शिकवता येईल असं आणखी: थ्रॉटल, आराम अवस्थेत साधारण ०.८-०.९ व्होल्ट आणि पूर्ण ओढल्यावर साडेतीन ते सव्वाचारच्या दरम्यान. मोटरचे हॉल सेन्सर (मोटर कुठं फिरली ते सांगणारे), पाच व्होल्ट येतात का ते बघायचं, मग चाक हातानं हळू फिरवून तिन्ही सिग्नल वायरी आळीपाळीनं खाली-वर होतात का ते. एक वायर हलत नसेल तर मोटर धक्के देते. ब्रेक लिव्हरचा स्विच अडकलेला, हे तर रोजचं. गाडी पुढं जात नाही आणि लोक कंट्रोलर बदलतात.

पॅक उघडणं ना मोबाइलवर, ना वर्कशॉपात. बॅटरीच्या सुरक्षेसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे, पॅक त्याप्रमाणे सीलबंद आणि तपासलेला असतो. उघडला की ते सगळं संपलं. फुगलेला, पाण्यात बुडालेला किंवा हाताला गरम लागणारा पॅक शेडच्या बाहेर, भिंतीपासून आणि पेट्रोलपासून लांब, सावलीत. पेटला तर वाळूनं विझल्यासारखा दिसेल पण आतून तापत राहील आणि पुन्हा पेटेल. तापमान खाली आणायला भरपूर पाणी लागतं, आणि धूर विषारी म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, लांबून. हा धडा हेल्परला आणि शेड झाडणाऱ्या मावशींनाही दाखवा, फक्त मिस्त्रींना नाही.

निदेशक_मोटर_मेकॅनिक

सर्टिफिकेटचं राहिलं. स्वतःच्या धड्यांवर तुम्ही दिलेला कागद दुसऱ्या गावी चालणार नाही. हाताखाली शिकलेल्यांसाठी आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे, आरपीएल म्हणतात. त्यात काम येणाऱ्याची परीक्षा होऊन राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र मिळतं. वाहन क्षेत्राचे निकष ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल ठरवतं. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर, आधार आणि मोबाइल नंबर जोडलेला लागतो. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून इथंच गाडी अडते, ते आधी बघा.

नवीन पोरं घेणार असाल तर शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या. चार किंवा जास्त माणसं असली की घेता येतात, ३० असली की घ्यावेच लागतात. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार स्टायपेंडचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये भरतं.

वाचनासाठी भारत स्किल्स हे आयटीआयचं पोर्टल फुकट आहे, प्रश्नपेढ्या आणि व्हिडिओ आहेत. आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या चेन्नईच्या निमी या संस्थेची ट्रेडची पुस्तकं मराठीतही निघतात. ती जशीच्या तशी पोरांना देऊ नका. धडा लिहिताना तुम्ही वाचा. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे इलेक्ट्रिक वाहनांचे कोर्स इंजिनिअरिंगच्या मुलांचे आहेत, तिकडं मिस्त्रींना पाठवून त्यांचा हिरमोड करू नका.

दारव्हा_वर्कशॉप

ठरलं. जॉब कार्डं काढली, सहा ढीग झाले, सर्वांत मोठा "सकाळी पकडत नाही". बॅटरी, पंपाचा आवाज आणि बाटलीतलं पेट्रोल हे तीन तुकडे आधी. रविवारी शूटिंग. मोठ्या मिस्त्रीचा आवाज. मल्टिमीटर वर्कशॉपातलाच वापरतो, चार-पाच वर्षं जुना आहे, चालतो.

पानाखोका

थांबा भाऊ. त्याच्या डिस्प्लेवर कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसते का ते पाहा. मीटरची नऊ व्होल्टची बॅटरी उतरली का मीटर बहुधा जास्तच दाखवते. गाडीची ११.८ ची बॅटरी १२.६ दिसन अन् तुमचा पहिलाच धडा खोटा निंघन. आधी ती बदला, मंग नवीन बॅटरीवर अन् दुसऱ्या मीटरवर एकच आकडा येते का ते पाहून घ्या. वायरीच्या टोकाच्या सुयाबी बदला, पिवळ्या पडल्या असतीन.